अकरा निऱ्या, सहाशे त्रेचाळीस फोटो

भागीरथीबाई रमणच्या फोटो स्टुडिओत चपला घालूनच शिरल्या. चपला बाहेर काढा असं दारावर तमिळमध्ये लिहिलेलं होतं, आणि पाचवीपर्यंतचं तमिळ त्यांना वाचता येत होतं. पण ज्याच्या भिंतीवर नवरा-नवरी ढगांवर बसवून टांगलेत, त्याच्या फरशीला एवढा मान कशाला द्यायचा, असा त्यांचा साधा हिशेब. मागोमाग त्यांची सून भुवना आली. तिने आपल्या चपला बाहेर काढल्या, आणि सासूच्या चपलांकडे बघून रमणला मानेनेच सांगितलं, की बोलू नकोस.

"या मामी, या. झालाय सिनेमा," रमण खुर्ची पुढे करत म्हणाला.

"सिनेमा नको मला. साडी दिसली की पुरे," भागीरथीबाई म्हणाल्या आणि खुर्ची हाताने पुसून बसल्या.

साडीचं प्रकरण सुरू झालं ते मेलबर्नहून. नात विनुता तिकडे नोकरीला, लग्नही तिकडच्याच देवळात. मुहूर्त सकाळी सहाचा, म्हणजे इथे तेव्हा मध्यरात्र. डॉक्टरांनी भागीरथीबाईंना विमानात बसू नका म्हणून सांगितलेलं. विनुताने फोनवर मोकळेपणाने सांगितलं, "आजी, मला आपली नऊवारीच नेसायची आहे. पण नेसवणार कोण? आईला येत नाही. बुधवारपर्यंत काही जमलं नाही तर पुण्याहून शिवलेली मागवते. इलॅस्टिकची असते, पायजम्यासारखी चढवायची."

इलॅस्टिक! तो शब्द भागीरथीबाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकला, आणि मासा तर त्यांनी जन्मात खाल्लेला नव्हता. तंजावूरपासून पापनाशमपर्यंत, पुढे कुंभकोणमपर्यंत, मराठी घरातली मुलगी बोहल्यावर उभी राहायची ती भागीरथीबाईंच्या हातची साडी नेसून. चाळीस वर्षं. त्यांनी निरीवरून बोट फिरवलं की ती शाळेतल्या पोरीसारखी मुकाट ओळीत उभी राहायची. आणि त्यांची स्वतःची नात इलॅस्टिक ओढून लग्नाला उभी राहणार!

पण एक गोष्ट भागीरथीबाईंनी कुणालाही सांगितली नव्हती. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. फिल्टर कापीचा टंबलर त्या दोन्ही हातांनी धरायच्या आणि कुणी बघितलं तर म्हणायच्या, "चटका बसतो." अलीकडच्या दोन लग्नांत त्या गुडघ्याचं निमित्त सांगून खुर्चीत बसल्या आणि नवरीच्या मावशीला ओरडून ओरडून निऱ्या घालायला लावल्या. पापनाशमच्या शेषगिरीच्या मुलीचं लग्न पुढच्या महिन्यात होतं, तिथूनही बोलावणं आलेलं. हात हलतो हे एकदा कळलं, की बोलावणी हळद-कुंकवापुरती येतील. पहिला मान द्यायचा, पान-सुपारी द्यायची, आणि साडी कुणा दुसरीच्या हातात. ते त्यांना नको होतं. मेले तरी चालेल, पण ते नको.

म्हणून भुवनाने फोनवर व्हिडिओ काढला तेव्हा भागीरथीबाईंनी तो एकदाच पाहिला. बोटं निरीवर अशी हलत होती, जशी उन्हात ठेवलेल्या पापडावर माशी. "पुसून टाक," त्या म्हणाल्या. "व्हिडिओत घाई होते. साडी ही काय धावत नेसायची वस्तू आहे? एकेक फोटो काढ. मी 'काढ' म्हणेन तेव्हा काढ."

मग दोन दुपारी, विनुता घरी टाकून गेलेली काळी अंगाला चिकटणारी विजार खाली घालून (हा अपमान वेगळाच), भागीरथीबाई हॉलमधल्या भिंतीसमोर उभ्या राहिल्या. तिरुभुवनमची डाळिंबी रेशमी साडी. चेहरा फोटोत घ्यायचा नाही, गळ्याखालीच. एक घडी घ्यायची, मनगट कमरेला दाबून धरायचं, श्वास रोखायचा, म्हणायचं, "काढ." पुढची घडी. "काढ." सहाशे त्रेचाळीस फोटो झाले. भुवनाने एकदाही विचारलं नाही, की मनगट असं दाबून का धरता. ती फोन धरून उभी राहिली आणि सांगितलं तेव्हा बोट टेकवत राहिली. या गोष्टीचासुद्धा भागीरथीबाईंना थोडा रागच आला होता.

फोटोंची ती सगळी रांग रमणकडे आली. ती एकामागोमाग एक लावून त्याचा चांगला, स्वच्छ सिनेमा करायचा, साडीचा धागा न् धागा दिसला पाहिजे, असं भुवनाने त्याला सांगितलं होतं.

"लावतो हं," रमण म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

पडद्यावर एक बाई डाळिंबी कापडात गुरफटली, फडफडली, आणि संपली. भागीरथीबाईंनी अजून चष्माही नीट बसवला नव्हता.

"हे काय?"

"झालं, मामी."

"काय झालं? चिमणी पडद्यात अडकली आणि उडाली, एवढंच झालं. किती वेळ चाललं हे?"

"सत्तावीस सेकंद. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं लागतात, मामी. सगळ्या जगात हाच नियम."

"दोन दुपारी मी उभी होते, पायांचे खांब झाले, आणि तू सत्तावीस सेकंदांत मला नेसवून मोकळा झालास? एवढ्या वेळात तर माझी नात इलॅस्टिकसुद्धा चढवणार नाही." मग भुवनाकडे वळून मराठीत, "हा गाढव कुठून शोधलास?"

"गाढव कळतं मला, मामी," रमण नम्रपणे म्हणाला. "माझ्या वर्गात तीन मराठी मुलं होती."

"मग बरं झालं, पुन्हा सांगायला नको. हळू कर."

रमणने कीबोर्डवर काहीतरी केलं. "सेकंदाला चार करतो. दोन मिनिटं चाळीस सेकंद होतील." आणि पुन्हा बटण दाबलं.

आता बाई माणसासारखी नेसू लागली. गाठ मारली. घडी घेतली. भागीरथीबाई पुढे वाकल्या. काहीतरी चुकत होतं. आधी त्यांना कळेना काय. कुणी आपल्याच घरातली भांडी फळीवर उलटी मांडून ठेवावीत तसं वाटत होतं. मग पदर आला, वर गेला, आणि उजव्या खांद्यावर जाऊन बसला.

"थांबव! ही अय्यरांची बाई कोण?"

"कोण म्हणजे? तुम्हीच, मामी."

"मी? माझा पदर उजव्या खांद्यावर? सत्तर वर्षांत उजव्या खांद्यावर मी पंचासुद्धा टाकलेला नाही!"

रमणने कपाळावरची विभूती खाजवली. "पण मडिसार ना, नऊ वारांचं? मडिसारचा पदर उजव्याच खांद्यावर. माझी आई रोज नेसते, मला काय माहीत नाही? फोटो सगळे उलटे आलेले दिसले. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढले की तसे येतात. म्हणून मी सगळे सुलटे केले, तुम्ही सांगायच्या आधीच." शेवटचं वाक्य त्याने असं म्हटलं, की आता मामी शाबासकी देतील.

"रमणा," भागीरथीबाई फार हळू म्हणाल्या. त्या हळू बोलायला लागल्या की घरात हरिप्रसाद, त्यांचा पन्नाशीचा मुलगा, उठून अंगणात जायचा. "तुझी आई नेसते ते मडिसार. मी नेसते ती नऊवारी. तीनशे वर्षांत तुमचं-आमचं सांबार एक झालं, सणाचं पायसम एक झालं, भांडणसुद्धा आम्ही तुमच्याच भाषेत करतो. साडी तेवढी राहिली होती. तीही तू एका बटणाने बदललीस. तंजावूरचं मराठी राज्य गेलं तेव्हासुद्धा कुणी आमच्या पदराला हात घातला नव्हता रे."

"मला भुवनाम्मांनी सांगितलं, मडिसारचे फोटो आहेत."

भागीरथीबाईंची मान सुनेकडे वळली. "तू मडिसार म्हणालीस?"

"मग तमिळमध्ये दुसरं काय म्हणणार, अम्मा?" भुवना म्हणाली. "नऊवारी म्हटलं असतं तर 'म्हणजे काय' म्हणून त्याने विचारलं असतं. मग मी अर्धा तास त्याला उभ्याने साडी समजावत बसले असते."

"मग बसायचं होतंस! तुला तेवढं तरी समजावता आलं असतं का, तेही कळलं असतं."

लग्न होऊन अठ्ठावीस वर्षांत भुवनाने कोणत्या वाक्याला उत्तर द्यायचं आणि कोणतं वाऱ्यावर सोडायचं, याचा चांगला सराव केला होता.

रमणने चित्रं परत उलटली, म्हणजे एकदाची सुलटी केली. "आता पदर डावीकडे. बघा, मामी." आणि सिनेमा पुन्हा सुरू झाला.

आता सगळं होतं. वेग बरोबर, खांदा बरोबर. पडदाही मोठा. डाळिंबी रंगात काठाची जर अशी उठून दिसत होती, की हात लावला तर टोचेल. भागीरथीबाई समाधानाने मागे टेकणार, इतक्यात निऱ्या आल्या.

पहिली निरी. हात जरा वर. दुसरा फोटो, हात जरा खाली. तिसरा, जरा उजवीकडे. प्रत्येक फोटोत हात स्थिर होता, मनगट दाबून, श्वास रोखून स्थिर. पण फोटो एकामागोमाग पळायला लागल्यावर ते सगळे स्थिर हात मिळून थरथरायला लागले. व्हिडिओत हलला नव्हता एवढा हात हलला. भागीरथीबाईंनी दोन दुपारी श्वास रोखून जे लपवलं होतं, ते या यंत्राने घड्या जोडून, ताणून, भिंतीएवढं करून पुढे मांडलं.

रमणने सिनेमा थांबवला. तो स्वतःच्या बोटांकडे बघू लागला. मग घसा साफ करून म्हणाला, "थोडं हलतंय. फोन धरणाऱ्याचा हात हलला असेल."

"हो," भुवना लगेच म्हणाली. "माझाच हात. दुसऱ्या दिवशी मला कणकण होती."

भागीरथीबाई पडद्याकडे बघत राहिल्या. साडीच्या मागे हॉलची भिंत दिसत होती, भिंतीवर सहकारी बँकेचं कॅलेंडर. फोन हलला असता तर कॅलेंडर हललं असतं. कॅलेंडर खिळ्याला घट्ट होतं, त्याची कडसुद्धा जागची सरकत नव्हती. फक्त बोटं नाचत होती. हे त्यांना दिसलं, म्हणजे रमणला दिसलंच असणार, रोज हेच काम करतो तो. आणि भुवना तर तिथे उभीच होती. दोघांनाही माहीत होतं आणि दोघंही कॅलेंडरकडे न बघता बसले होते. दया दाखवत होते त्यांच्यावर! एक फोटोवाला आणि एक सून.

"हलवायचंच होतं तर फोन खुर्चीवर तरी ठेवायचास," भागीरथीबाई सुनेला म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा लागला नाही, म्हणून त्यांना स्वतःचाच राग आला. "काही करता येतं का याला?"

"येतं ना, मामी," रमण हुरूप येऊन म्हणाला. "दोन फोटोंच्या मधे यंत्र स्वतः चित्रं भरतं. एक चित्र दुसऱ्यात विरघळतं. मग हात पाण्यासारखा वाहतो. पंधरा मिनिटं द्या, कापी मागवतो."

कापी आली. भागीरथीबाईंनी टंबलरला हात लावला नाही. भुवनाने तो उचलला, खालच्या पसरट डबऱ्यात वर-खाली ओतून गार केला आणि अर्धाच भरून सासूपुढे ठेवला, सांडणार नाही एवढाच. भागीरथीबाई तो दोन्ही हातांनी उचलून प्यायल्या आणि म्हणाल्या, "पाणी आहे नुसतं."

पंधरा मिनिटांनी रमणने नवा सिनेमा लावला. खरंच, हात पाण्यासारखा वाहत होता. नवरीचा हात वाटावा असा, वीस वर्षांच्या पोरीचा. घडीतून घडी निघत होती. भागीरथीबाईंचा जीव भांड्यात पडला. हा सिनेमा मेलबर्नला गेला, तिथून चेन्नईला नणंदेकडे, कनकलताकडे, तिथून सगळ्या गोतावळ्यात फिरला तरी हरकत नाही. उलट फिरावाच. पापनाशमलाही बघू देत.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या, आणि या वेळी सवयीने निऱ्या मोजू लागल्या.

एक, दोन, तीन. चौथी तिसरीत विरघळली. पाचवी होती की चौथीच परत आली, कळेना. बोटं कापडात गेली ती बाहेर निघाली तेव्हा सात झालेली. निरीची कड जिथे चिमटीत धरायची, ते खरं मर्म, तिथे नुसतं डाळिंबी धुकं. शेवटी पोटाशी एक सुबक गठ्ठा तयार झाला, पण तो कसा झाला ते देवाला माहीत.

"किती निऱ्या झाल्या?" त्यांनी भुवनाला विचारलं.

"अकरा ना?"

"असतात किती, ते नाही विचारलं मी. दिसल्या किती?"

भुवनाने पडद्याकडे बघितलं. "सात? आठ?"

"आणि बोटं?"

"बोटंही तेवढीच, अम्मा."

रमण म्हणाला, "बघणाऱ्याला कळत नाही, मामी. छान वाटतं."

"बघणाऱ्यासाठी नाही केलेलं हे! नेसणारीसाठी केलंय." भागीरथीबाई उठून उभ्या राहिल्या. "तुझ्या भिंतीवर ढगांत बसवलेत ना ते दोघं, त्यांनाही छान वाटतं. खाली पडतील तेव्हा कळेल. एवढं गुळगुळीत करून ठेवलंस, की शिकायला काही उरलंच नाही. पोरीने काय शिकायचं यातून? धुकं नेसायला?"

"मग दुसरा इलाज नाही, मामी. एक तर निऱ्या स्वच्छ दिसतील आणि हात... म्हणजे भुवनाम्मांचा फोन हलेल. नाहीतर फोन हलणार नाही आणि निऱ्या दिसणार नाहीत."

भागीरथीबाई पडद्यासमोर तशाच उभ्या राहिल्या. सात बोटांचा तो तरुण हात थांबलेल्या चित्रात साडी धरून होता. सुंदर होता. त्यांनी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, जशी त्या बाजारातल्या मेण लावलेल्या सफरचंदांकडे बघायच्या.

"पुसून टाक हा," त्या म्हणाल्या. "आधीचा कर. फोटो जसे आहेत तसे. आणि स्वच्छ कर, जेवढा होईल तेवढा. धागा दिसला पाहिजे."

"सगळंच दिसेल, मामी."

"मला काय डोळे नाहीत? दिसू दे म्हणतेय ना!"

रमणने मान खाली घातली आणि काम सुरू केलं. फाईल फार मोठी होईल म्हणाला. फोनवरून तशीच पाठवलीत तर वाटेत चुरगळून लहान होईल, धागा दिसणार नाही. मी दुसऱ्या रस्त्याने पाठवतो, तिने तिकडे पूर्ण उतरवून घ्यावी. भागीरथीबाईंना त्यातलं 'चुरगळून' एवढंच कळलं. "चुरगळायची नाही," त्या म्हणाल्या. "रेशमी आहे."

तो मंगळवार होता. बुधवारी विनुताचा निरोप आला, मिळालं. पुढे काहीच नाही. गुरुवार, शुक्रवार भागीरथीबाईंनी देवासमोर वाती वळताना दोनदा कापूस फेकून दिला आणि कापसाच्या दुकानदाराला नावं ठेवली.

शनिवारी सकाळी भुवनाचा फोन वाजला. पडद्यावर विनुता, अंगावर डाळिंबी नाही, सरावाची सुती नऊवारी. पदर डाव्या खांद्यावर.

"आजी, बघ!" विनुता तिच्या मोडक्या मराठीत ओरडली. "चार दिवस केलं. आज झालं. इलॅस्टिक कॅन्सल!"

"मागे वळ," भागीरथीबाई म्हणाल्या. पोरगी वळली. कासोटा बरा बसला होता. फारच बरा. पण ते त्यांनी तोंडावर येऊ दिलं नाही. "पाठ झाकलीस तेवढं खरं. आता समोर."

"आणि आजी, ते तुझं सीक्रेट पण पकडलं मी. प्रत्येक निरी धरून तू असं असं हलवतेस ना," विनुताने चिमटी धरून हात थरथरवून दाखवला, "त्याने कापड सेट होतं, ना? मी सगळ्या निऱ्या तशाच हलवल्या. इथल्या मैत्रिणींना पण दाखवलं. म्हणाल्या, आजी जीनियस आहे."

भुवना स्वयंपाकघराच्या दारात होती. तिने सासूकडे बघितलं आणि लगेच पातेल्यात बघितलं.

वाट समोर मोकळी होती. नुसतं "हो" म्हणायचं. भागीरथीच्या हाताची खास रीत. मेलबर्नला शिकवली गेली, चेन्नईला जाईल, पापनाशमच्या पोरीही हात हलवत निऱ्या घालतील, आणि या हाताला पुन्हा कधी कुणी विचारणार नाही. भागीरथीबाईंनी तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांची नजर निऱ्यांवर गेली. तिसरी निरी बोटभर वर चढलेली. सातवी आठवीच्या अंगावर. सगळी रांग वाकडी, देवळातल्या प्रसादाच्या रांगेसारखी.

"अगं ही निरी आहे की खाटेवर टाकलेलं धुणं?" त्या कडाडल्या. "तिसरी बघ कुठे गेली! हलवू नकोस. कोण म्हणालं हलवायचं?"

"पण तू..."

"मी हलवत नाही. हात थरथरतो माझा. दोन वर्षं झाली. दुखणं आहे ते, रीत नव्हे. तुझ्या आईने फोन हलवला असं तुला कुणी सांगितलं तर तेही खोटं, तिचा हात खांबासारखा आहे. तुझं वय काय? सत्तावीस ना? सत्तावीस वर्षांच्या बाईने माझं दुखणं कशाला उचलायचं? निऱ्या उचल!"

मग विनुता हळूच म्हणाली, "आजी, हात खूप..."

"माझ्या हाताचं नंतर विचार. आधी सोड सगळं. गाठीपासून. मनगट कमरेला टेकवून ठेव, हां, असंच, आणि कड चिमटीत. भुवना, हा फोन धर इथे समोर, मला दिसू दे. हलवू नकोस."

विनुताने गाठ सोडली. नऊ वार कापड तिच्या पायाशी पडलं.

"एक," भागीरथीबाई म्हणाल्या. "वाकडी. परत. एक."